पाण्यात न विरघळणारं औषध आणि पेप्टाइडचे नॅनोकण: लोडिंग खरं आहे हे कसं ओळखायचं?

पाण्यावरची_रेघ

मंडळी, पेप्टाइड अँफिफाइलमध्ये (अमिनो आम्लांची छोटी साखळी, एक टोक तेलकट, दुसरं पाणी मानणारं) कर्क्युमिन, म्हणजे हळदीतलं पिवळं द्रव्य, भरायचं आहे. कर्क्युमिन फक्त नमुन्यादाखल. पद्धत बसली की तीच दुसऱ्या, पाण्याशी वैर असलेल्या औषधाला लावायची. मांडणी अशी:

पेप्टाइड म्हणजे १६ कार्बनची पाल्मिटिक शेपटी, पुढे दोन व्हॅलीन, दोन अलॅनीन, दोन ग्लुटामिक आम्लं, टोकाला अमाइड. रेणुभार ८५४. त्यातलं ८.५ मिग्रॅ घेऊन १० मिलि सोडियम फॉस्फेट बफरमध्ये (१० मिलिमोलर, पीएच ७.४) टाकतो. ते सरळ विरघळत नाही, म्हणून १ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडचे थेंब, द्रावण स्वच्छ होईपर्यंत. मग कर्क्युमिनचं डीएमएसओ या द्रावकातलं द्रावण (१० मिग्रॅ प्रति मिलि) ८५ मायक्रोलिटर. एक तास ढवळायचं, ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळायचं, मिथेनॉलमध्ये २० पट पातळ करून ४२५ नॅनोमीटरला शोषण वाचायचं.

अडचणी तीन. एन्ट्रॅपमेंट (घातलेल्या औषधापैकी कणांत अडकलेला भाग) कधी ७० टक्के येतं, कधी ३५. हायड्रॉक्साइडनंतर लगेच कर्क्युमिन घातलं तर द्रावण लालसर होतं. आणि रात्रभर ठेवलं की तळाला केशरी गाळ बसतो. डीएलएसमध्ये (विखुरलेल्या प्रकाशावरून कणांचं माप काढतात ती पद्धत) मात्र १८० नॅनोमीटरला एकच छान शिखर दिसतं. कुठे चुकतंय?

---

गाळणीवाला

ते १८० चं शिखर छान असेल, पण कोणाचं आहे ते आधी ठरवू.

१६ कार्बनची शेपटी पूर्ण ताणली तर जेमतेम २ नॅनोमीटर. सहा अमिनो आम्लं, प्रत्येकी ०.३५ धरलं तर आणखी २.१. म्हणजे अख्खा रेणू ४ नॅनोमीटरचा, आणि शेपट्या आत घेऊन बसलेल्या रेणूंच्या जुडीची, म्हणजे मायसेलची, जाडी ८ च्या आसपास. या रेणूचा १८० चा भरीव गोळा होणार कसा? उरतात दोन शक्यता. एक तर लांब तंतू झालेत आणि डीएलएसचं सॉफ्टवेअर त्यांना गोळे समजून आकडा देतंय. नाही तर ते कर्क्युमिनचेच कण आहेत, पेप्टाइडचा त्यात फारसा संबंध नाही.

मला दुसरी शक्यता जास्त वाटते. डीएमएसओमधलं कर्क्युमिन पाण्यात पडलं की, पेप्टाइड असो वा नसो, शे-दोनशे नॅनोमीटरचे कण तयार होतातच. द्रावक बदलून नॅनोकण करण्याची पद्धत तीच तर आहे. ०.४५ ची गाळणी त्यांना अडवत नाही, ०.२२ चीसुद्धा बरेचसे सोडते. ते गाळणीतून गेले, मिथेनॉलमध्ये विरघळले आणि तुमच्या ७० टक्क्यांत जमा झाले. रात्रभरात तेच एकमेकांना चिकटून तळाशी आले.

डीएलएस इथे फसवतं, कारण विखुरलेला प्रकाश व्यासाच्या सहाव्या घातानं वाढतो. २०० नॅनोमीटरचा एक कण १० नॅनोमीटरच्या ६.४ कोटी कणांइतका चमकतो. तुमचे खरे मायसेल तिथे असले तरी त्या झगमगाटात दिसणार नाहीत.

एकाच दिवशी, एकाच स्टॉकमधून चार नळ्या लावा: पूर्ण मिश्रण, पेप्टाइड सोडून सगळं, औषध सोडून सगळं, पण डीएमएसओ तेवढंच, आणि नुसता बफर-डीएमएसओ. चारही नळ्यांना ढवळणं, थांबणं, गाळणं सारखंच. दुसऱ्या नळीत गाळल्यावर जेवढं कर्क्युमिन उरेल, तेवढ्या आकड्यावर पेप्टाइडचा हक्क नाही.

---

चिमूटभर_क्षार

लालसर रंगाचं बोलतो, कारण ३५ आणि ७० चं कोडं बरंचसं तिथेच आहे.

कर्क्युमिनचे फिनॉलचे हायड्रोजन आठच्या वरच्या पीएचला सुटायला लागतात आणि पिवळ्याचं लाल होतं. रंग बदलला तर परत आणता येतो, पण त्या स्थितीत रेणूच तुटतो. पीएच ७.२ च्या नुसत्या फॉस्फेट बफरमध्ये, सीरम नसताना, ३७ अंशांना अर्ध्या तासात सुमारे ९० टक्के कर्क्युमिन नाहीसं होतं. हे १९९७ पासून छापील आहे. तुटलेल्या तुकड्यांना, म्हणजे फेरुलिक आम्ल, व्हॅनिलीन वगैरेंना, ४२५ ला शोषण नाही. त्यामुळे ते तुमच्या मोजणीतून गुपचूप गळतात आणि तुम्ही म्हणता लोडिंग कमी झालं. एक तास ढवळलं की सव्वा तास, खोली गार की गरम, एवढ्यानं आकडा हलतो.

हायड्रॉक्साइड 'स्वच्छ होईपर्यंत' घालू नका, हिशेबानं घाला. ८.५४ मिग्रॅ म्हणजे १० मायक्रोमोल पेप्टाइड. प्रत्येकावर दोन कार्बॉक्सिल, म्हणजे २० मायक्रोमोल आम्ल. १ मोलरचे २० मायक्रोलिटर झाले की संपलं! एवढंसं थेंबानं कसं मोजणार? म्हणून ०.१ मोलर घ्या. पेप्टाइड आधी ८ मिलि नुसत्या पाण्यात टाका, १८० मायक्रोलिटर घाला, दोन-तीन मिनिटं सोनिकेटरच्या पाण्यात धरा. मग पीएच बघत ५-५ मायक्रोलिटर. ७.४ आलं की ५० मिलिमोलरचा बफर २ मिलि घालून पाण्यानं १० मिलि करा. द्रावण अर्धा तास तसंच ठेवून पुन्हा पीएच बघा, कारण आतल्या गुठळ्या उशिरा विरघळतात आणि पीएच खाली ओढतात. कर्क्युमिन त्यानंतरच, बर्फात आणि फॉइल गुंडाळून.

बफर शेवटी अशासाठी की आधी घातला तर हायड्रॉक्साइडशी तोच झुंजतो आणि तुम्हाला वाटतं पेप्टाइड अजून मागतंय.

---

पाण्यावरची_रेघ

पीएच ६ ला केलं तर कर्क्युमिन टिकेल ना? मग ७.४ चा आग्रह कशाला?

---

चिमूटभर_क्षार

कर्क्युमिन टिकेल, पेप्टाइड नाही. सुट्या ग्लुटामिकचा पीकेए (ज्या पीएचला निम्मे आम्लगट हायड्रोजन सोडतात तो) ४.३ च्या आसपास असतो, पण असे शेकडो शेजारी-शेजारी दाटीनं बसले की एकाचा ऋणभार दुसऱ्याला नकोसा होतो आणि पीकेए वर सरकतो. म्हणून पीएच ६ ला तुमचं द्रावण घट्ट व्हायला लागेल, पाचाला जेली किंवा दही. कर्क्युमिनच हवं असेल तर ग्लुटामिकच्या जागी लायसीन घ्या आणि पीएच ५ च्या अ‍ॅसिटेटमध्ये काम करा. औषध आणि पेप्टाइड दोघांनाही मानवेल असा पीएच आधी ठरवायचा, क्रम त्यानंतर लिहायचा. बहुतेक जण उलटं करतात.

---

राळेचा_दाणा

लायसीन घेणार असाल तर आधी हे वाचा. राळेवरून (पेप्टाइड ज्या कणांवर जोडत नेतात ती) ट्रायफ्लुओरोअ‍ॅसेटिक आम्लानं, म्हणजे टीएफएनं, काढलेलं लायसीनचं पेप्टाइड टीएफएचा क्षार म्हणूनच हातात येतं. प्रत्येक लायसीनमागे ११४ चा एक टीएफए. तुमच्याच क्रमात दोन लायसीन घातले तर पेप्टाइड ८५२, त्यावर २२८ टीएफए, एकूण १०८०. म्हणजे १०० मिग्रॅ पावडर तोलली तर पेप्टाइड ७९ मिग्रॅ, ओलावा धरला तर त्याहून कमी. एचपीएलसीवर (घटक सुटे करून मोजतं ते यंत्र) शुद्धता ९८ टक्के येईल, कारण २१४ नॅनोमीटरला पाणी आणि टीएफए पेप्टाइडच्या शिखरात मोजले जात नाहीत. शुद्धता आणि निव्वळ पेप्टाइडचं प्रमाण हे दोन वेगळे आकडे आहेत, आणि लोडिंगच्या सूत्रात दुसरा लागतो.

टीएफए पेशींनाही मानवत नाही. काढायला: १० मिलिमोलर हायड्रोक्लोरिक आम्लात १ मिग्रॅ प्रति मिलि विरघळवा, गोठवा, लायोफिलाइज करा (गोठलेलंच निर्वातात सुकवा); असं तीनदा. गेलं की नाही ते फ्लुओरीन एनएमआरवर उणे ७५-७६ पीपीएमच्या आसपास दिसतं.

संश्लेषणात गचका बसतो तो शेपटी लावताना. पाल्मिटिक आम्ल गार डीएमएफमध्ये नीट विरघळत नाही, पांढरे कण राळेवर बसतात. डीएमएफ आणि डायक्लोरोमीथेन निम्मं-निम्मं घ्या, आम्ल ४ पट, जोडणी घडवणारं एचबीटीयू ३.९ पट, डीआयईए हा अल्क ८ पट, रात्रभर. निनहायड्रिनला निळा आला, म्हणजे अमाइन अजून मोकळं आहे, तर पुन्हा एकदा. नंतर डायक्लोरोमीथेननं सहा-सात वेळा धुवा, कारण मागे राहिलेलं पाल्मिटिक आम्ल टीएफएत तसंच निघून येतं आणि ईथरमध्ये पूर्ण जाईलच याची खात्री नाही. ते अंशभर उरलं तरी तुमच्या कणांत शिरतं, आणि कॅल्शियम दिसलं की साबण होऊन तळाशी बसतं. हा पांढरा गाळ पुष्कळदा पेप्टाइडच्या नावावर खपतो.

राळेवरून काढायला टीएफए ९५, ट्रायआयसोप्रोपिलसिलेन २.५, पाणी २.५, तीन तास. मग थंडगार ईथर. शुद्ध करताना ग्लुटामिकवाल्याला नेहमीचं ०.१ टक्का टीएफए वापरू नका. आम्लात ते कॉलममध्येच जेली होतं आणि शिखर शेपटासारखं ओढलं जातं. ०.१ टक्का अमोनियम हायड्रॉक्साइड घातलेलं पाणी आणि अ‍ॅसिटोनायट्राइल, आणि अल्कली सोसणारा कॉलम. साधा सिलिका कॉलम या पीएचला विरघळत जातो.

---

नवशिका_०७

मधेच विचारतो, रागावू नका. एवढा खटाटोप कशासाठी? एखादं डिटर्जंट घालून औषध विरघळवता येत नाही का?

---

दुसरी_बाजू

येतं की. पॅक्लिटॅक्सेल या कर्करोगावरच्या औषधाचं जुनं इंजेक्शन तसंच आहे: दर मिलिमध्ये औषध ६ मिग्रॅ आणि ते धरून ठेवायला क्रेमोफोर ५२७ मिग्रॅ, वर निम्मं अल्कोहोल. औषधाच्या जवळजवळ ८८ पट वाहक! त्या क्रेमोफोरमुळे तीव्र अ‍ॅलर्जी होऊ शकते, म्हणून आधी स्टिरॉइड आणि अँटीहिस्टामिन द्यावं लागतं. २००५ मध्ये अमेरिकेत मान्य झालेल्या अ‍ॅब्रॅक्सेननं क्रेमोफोर काढून अल्ब्युमिनचे सुमारे १३० नॅनोमीटरचे कण वापरले. पेप्टाइडवाल्यांचा मोह पुढचा आहे: वाहकाचा प्रत्येक अणू आपल्या मनासारखा मांडायचा आणि काम झालं की त्याची अमिनो आम्लं व्हावीत.

आता मूळ प्रश्नाकडे. शीर्षकात 'नॅनोकण' लिहिलंय, पण या क्रमाचे गोल कण होणं कठीण. शेपटीला लागून दोन व्हॅलीन ठेवलेत. ते शेजारच्या रेणूंशी हायड्रोजन बंध जोडून बीटा पट्टी विणतात, आणि पट्टी लांबीला वाढते. परिणाम तंतू. गोलच हवे असतील तर ही वीण मोडावी लागते: शेपटीजवळच्या अमिनो आम्लांचे नायट्रोजन मिथिल करून हायड्रोजन बंध तोडा, किंवा तिथे प्रोलीन घाला, किंवा टोकाला भार वाढवा, दोनाचे चार ग्लुटामिक करा. सीडीवर (वर्तुळाकार ध्रुवित प्रकाशाच्या शोषणावरून साखळीची घडण सांगणारी मोजणी) लगेच कळतं. २१८ च्या आसपास खोल दरी आणि १९५ ला उंचवटा म्हणजे बीटा पट्टी. १९८ ला दरी म्हणजे विस्कळीत साखळी. सीडीच्या नमुन्यात डीएमएसओ अजिबात नको, ते त्या पट्ट्यात सगळा प्रकाश गिळतं. मिठाचं क्लोराइडही २०० च्या खाली त्रास देतं, म्हणून फॉस्फेट बफर.

तंतू वाईट असं नाही, त्यांच्या गाभ्यातही औषध बसतं. पण पेशींच्या माध्यमात कॅल्शियम १.८ मिलिमोलर असतं. ग्लुटामिकवाले तंतू त्यात एकमेकांना बांधले जातात आणि प्लेटमध्ये जेली होते. मग औषध पेशीत गेलं नाही याचं खापर नॅनोकणावर फुटतं.

---

नवशिका_०७

डायफेनिलअलॅनीन वापरलं तर? दोनच अमिनो आम्लं, स्वस्तात काम.

---

दुसरी_बाजू

त्याच्या नळ्या होतात. २००३ मध्ये रेचेस आणि गझिट यांनी दाखवलं. १०० मिग्रॅ प्रति मिलि हेक्साफ्लुओरोआयसोप्रोपॅनॉलमध्ये, मग पाण्यात २ मिग्रॅ प्रति मिलिपर्यंत पातळ. म्हणजे २ टक्के फ्लुओरिनेटेड द्रावक शिल्लक; तो हवेत उडवून लावल्याशिवाय पेशींजवळ नेऊ नका. डोळ्यांना तो फार वाईट, काम हूडमध्येच. स्टॉक दर वेळी ताजा. आणि नळ्या मायक्रॉनच्या मापानं लांब होतात, शिरेतून द्यायचं असेल तर विषय संपला.

---

पाण्यावरची_रेघ

चार नळ्या लावल्या. पेप्टाइड नसलेल्या नळीतून गाळलेलं पाणीही स्पष्ट पिवळं आहे आणि डीएलएसवर तिथेही तसंच शिखर. पूर्ण मिश्रण आणि ही नळी यांत फरक आहे, पण आशेपेक्षा बराच कमी. म्हणजे गाळणीवाला यांचं म्हणणं बरोबर. आता कण आणि गाळ वेगळे कसे करायचे?

---

गाळणीवाला

एकाच युक्तीवर विसंबू नका, दोन लावा.

पहिली सेंट्रिफ्यूज. १६,००० जी, ३० मिनिटं. कर्क्युमिनचे शे-दोनशेचे कण बरेचसे खाली येतात, ८ नॅनोमीटरचे मायसेल वर राहतात. पिपेट तळाशी न्यायची नाही. वरचं दोन-तृतीयांश तेवढं उचलायचं. तंतू असतील तर मात्र तेही थोडे खाली बसू शकतात, म्हणून औषध नसलेल्या नळीत वरच्या पाण्यात पेप्टाइड किती उरलं ते मोजा. इथे एक खड्डा आहे: तुमच्या पेप्टाइडमध्ये ट्रिप्टोफॅन-टायरोसीन नाही, म्हणून २८० ला काही दिसणार नाही. मोकळं अमाइनही नाही, एक टोक शेपटीनं बंद, दुसरं अमाइडनं, म्हणून निनहायड्रिन आणि फ्लुओरेस्कामिनही गप्प. एचपीएलसीवर २१४, नाही तर सरळ अमिनो आम्लांचं विश्लेषण.

दुसरी फ्लुओरेसन्स. ४२५ वर उत्तेजित करा. पाण्यात कर्क्युमिनची चमक मंद आणि ५५० नॅनोमीटरच्या आसपास. तेलकट गाभ्यात बसलं की शिखर ५०० कडे सरकतं आणि कित्येक पट वाढतं. स्फटिक गाळाची चमक मंदच राहते. त्यामुळे 'गाळणीतून गेलं' आणि 'गाभ्यात बसलं' यांतला फरक इथे उघड होतो.

फिल्टर बदलत असाल तर तोही तपासा. नायलॉन अशा औषधांना शोषून घेतो. कुठलाही घेतला तरी पहिला अर्धा-एक मिलि फेकून द्या.

आणि ४२५ वाचताना ६०० चं वाचनही लिहून ठेवत जा. तिथे शून्य हवं. नसेल तर मिथेनॉलमध्ये बफरचे क्षार बाहेर पडलेत आणि तुम्ही धूसरपणा मोजताय. एक मिनिट सेंट्रिफ्यूज करून पुन्हा वाचा.

---

चिमूटभर_क्षार

आकड्यांचा अंदाज सोबत ठेवा म्हणजे चूक तिथल्या तिथे कळते. अल्कोहोलमध्ये ४२५ ला १ मायक्रोग्रॅम प्रति मिलि कर्क्युमिनचं शोषण साधारण ०.१६. तुमचे ८५ मायक्रोग्रॅम प्रति मिलि २० पट पातळ केले की ४.२५, म्हणजे १०० टक्क्यांना ०.६८. याच्या वर वाचन आलं तर बाष्पीभवन, धूसरपणा किंवा पिपेट, तिघांपैकी कोणीतरी खोटं बोलतंय.

बाजारातलं कर्क्युमिन तीन भावंडांचं मिश्रण असतं हेही ध्यानात ठेवा. मुख्य कर्क्युमिन तीन-चतुर्थांशाच्या आसपास, बाकी डीमेथॉक्सी आणि बिसडीमेथॉक्सी. तिघांचा टिकाऊपणा सारखा नाही. शोषणावर ती एकजीव दिसतात, एचपीएलसीवर सुटी.

---

दुसरी_बाजू

ईई, म्हणजे वरचं एन्ट्रॅपमेंट, आणि लोडिंग यांची गल्लत नेहमी होते म्हणून लिहून टाकतो. ईई म्हणजे घातलेल्या औषधापैकी कणांत किती गेलं. लोडिंग म्हणजे कणांच्या एकूण वजनात, औषध अधिक पेप्टाइड, औषध किती. ०.८५ मिग्रॅ औषध आणि ८.५४ मिग्रॅ पेप्टाइड घेतलं तर एक कणही वाया न जाता लोडिंग जास्तीत जास्त ९.१ टक्के. कोणी औषध चिमूटभर घालून ९९ टक्के ईई दाखवत असेल तर लोडिंग विचारा, चेहरा बघण्यासारखा होतो.

रेणूंच्या हिशेबानं तुमच्या मिश्रणात चार-साडेचार पेप्टाइडमागे एक कर्क्युमिन आहे. ही गर्दीच आहे. २ टक्क्यांपासून सुरुवात करा, मग ४, ६, ८. फ्लुओरेसन्स सरळ रेषेत वाढत असेल तोवर गाभ्यात जागा आहे. रेषा वाकली की पुढचं औषध बाहेर साचतंय.

सीएसी, म्हणजे ज्या प्रमाणाखाली कण जुळतच नाहीत तेही हवंच. पायरीन (चमकणारा शोधक रेणू) ०.६ मायक्रोमोलर ठेवा, पेप्टाइड १ मिलिमोलरपासून निम्मं-निम्मं करत १ मायक्रोमोलरच्या खाली न्या, रात्रभर अंधारात. उत्तेजन ३३५, ३७३ आणि ३८४ च्या शिखरांचं गुणोत्तर. नुसत्या पाण्यात ते १.८ च्या आसपास, गाभ्यात शिरलं की १.२ कडे उतरतं. पायरीनचा अ‍ॅसिटोन आधी नळीत पूर्ण उडू द्या, मग पेप्टाइड ओता. ही मोजणी औषधाशिवायच, कारण कर्क्युमिन पायरीनची चमक खातं.

---

पाण्यावरची_रेघ

टीईएमला (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाला) तंतूच दिसतात, शिवाय काळ्या सुया. रंग म्हणून युरेनिल अ‍ॅसिटेट २ टक्के वापरलं.

---

गाळणीवाला

त्या सुयांना तंतू म्हणू नका. फॉस्फेट बफरवर युरेनिल पडलं की युरेनिल फॉस्फेटचे स्फटिक होतात, आणि ते नेमके तसेच दिसतात: टोकदार, सरळ, गडद काळे. पेप्टाइडचा तंतू याच्या उलट, गडद पार्श्वभूमीवर फिकट आणि कुठेतरी वाकलेला.

ग्रिडवर ५ मायक्रोलिटर नमुना, एक मिनिट, फिल्टर कागदाच्या कडेनं टिपा, मग पाण्याचे दोन थेंब, प्रत्येक वेळी टिपून, आणि शेवटी रंग.

पण युरेनिल अ‍ॅसिटेटचं द्रावणच पीएच ४ ते ४.५ चं असतं. म्हणजे ग्लुटामिकवाले मायसेल ग्रिडवर असताना तुम्ही त्यांना आम्लात बुडवताय. द्रावणात गोळे असतील आणि ग्रिडवर तंतू दिसतील! फॉस्फोटंग्स्टिक आम्ल पीएच ७ ला आणून वापरा आणि ताडून बघा.

---

दुसरी_बाजू

फॉस्फोटंग्स्टिकनंही लिपिडवाले नमुने सुकताना गोळा होतात, त्याला क्लीन चिट नको. क्रायो-टीईएम (नमुना झटकन गोठवून तसाच बघतात तो) मिळत असेल तर तोच निकाल धरा. नसेल तर एक्स-रेचं लहान कोनातलं विखुरणं: द्रावणातच मोजता येतं, आणि दंडगोल असेल तर कमी कोनाकडे उतार उणे १ चा, गोळा असेल तर सपाट.

---

गाळणीवाला

मान्य. पण क्रायो नसलेल्यांनी निदान दोन रंगांत बघावं, एवढंच म्हणणं.

---

पाण्यावरची_रेघ

कण मिळाले असं धरलं तर रिलीज (औषध बाहेर पडण्याचा वेग) कसा मोजावा? ठरलेली पद्धत: ३.५ किलोडाल्टनच्या डायलिसिस पिशवीत १ मिलि, बाहेर ५० मिलि फॉस्फेट सलाइन, ३७ अंश, ७२ तास.

---

चिमूटभर_क्षार

या मांडणीत तुम्ही कर्क्युमिनची विद्राव्यता मोजाल. ८५ मायक्रोग्रॅम ५० मिलित गेले तर १.७ मायक्रोग्रॅम प्रति मिलि, आणि पाण्यात त्याची विद्राव्यता एक मायक्रोग्रॅमच्याही खाली. औषधाला बाहेर जागाच नाही, म्हणून ते आत बसून राहतं, वक्र सावकाश चढतो आणि अहवालात 'दीर्घकालीन नियंत्रित मुक्तता' येते. वर ७२ तासांत बाहेर आलेलं ३७ अंशांना तुटून जातं ते वेगळंच.

बाहेरचं माध्यम असं हवं की सगळं औषध बाहेर आलं तरी संपृक्ततेच्या एक-तृतीयांशापुढे जाऊ नये. त्यासाठी ०.५ टक्के ट्वीन ८० हे डिटर्जंट किंवा अल्ब्युमिन. ट्वीनचे सुटे रेणू १३१० डाल्टनचे आहेत, पिशवीत शिरून तुमचे मायसेल मोडू शकतात. अल्ब्युमिन ६६ किलोडाल्टनचं, बाहेरच राहतं. तुमचं पेप्टाइडही ८५४ चंच, सुटे रेणू तेही भोकातून निसटतात आणि आतलं प्रमाण सीएसीकडे घसरतं. म्हणून शेवटी पिशवीतलं पेप्टाइड आणि औषध दोन्ही मोजा, बेरीज जुळते का बघा.

शेजारी एका पिशवीत नुसतं औषध, बाहेरच्याच माध्यमात पूर्ण विरघळवून. त्यालाच बाहेर यायला चार तास लागले तर तो पडद्याचा वेग आहे, कणांचा नाही.

---

दुसरी_बाजू

पिशवीच्या पुढे जाऊन बोलू. रक्ताच्या द्रवात, म्हणजे प्लाझ्मात, दर मिलिमध्ये ३५ ते ५० मिग्रॅ अल्ब्युमिन आहे, आणि त्याचं कामच मुळी फॅटी आम्लं उचलणं. पाल्मिटिक शेपटी त्याच्या खिशात बसते आणि मायसेल एकेक रेणूनं उसवत जातं. पातळ होणं आणि अल्ब्युमिन, या दोघांपुढे टिकलं तर वाहक.

तपासायला डीआयओ आणि डीआयआय ही रंगांची जोडी एकाच कणात भरा, प्रत्येकी अर्धा टक्का. उत्तेजन ४८४. दोघं जवळ असतील तर डीआयओची ऊर्जा डीआयआयकडे जाते आणि ५६५ ला चमक येते. कण फुटला की ५०१ वाढतं. ५६५ ला दोघांच्या बेरजेनं भागा. ५० टक्के सीरममध्ये, ३७ अंशांना, दर दहा मिनिटांनी दोन तास. पहिल्या अर्ध्या तासातच गुणोत्तर कोसळलं तर ७२ तासांच्या रिलीजची चर्चा कशाला?

कोसळलंच तर उपाय: शेपटीजवळ सिस्टीन घालून डायसल्फाइडनं शिवण घाला, किंवा शेपट्या दोन करा. लांबलचक साखळ्या परवडत असतील तर इलास्टिनसारखी पॉलिपेप्टाइड. २००९ मध्ये संशोधक चिलकोटींच्या गटानं डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगावरचं औषध आम्लात तुटणाऱ्या हायड्रेझोन बंधानं अशा साखळीच्या टोकाला जोडलं, आणि त्या जोडणीमुळेच कण जुळले. औषध नुसतं कोंबलेलं नसून बांधलेलं असल्यानं वाटेत गळण्याचा प्रश्न बराच कमी होतो.

---

पाण्यावरची_रेघ

शेवटचं. लायोफिलाइज करून ठेवलं तर पुन्हा पाणी घातल्यावर गुठळ्या होतात. साखर घातली नव्हती. तेवढ्यानं सुटेल?

---

राळेचा_दाणा

अर्धं सुटेल. उरलेलं अर्धं सोडियम फॉस्फेटचं. गोठताना डायसोडियम फॉस्फेट आधी स्फटिक होऊन बाहेर पडतं, मागे आम्ल क्षार उरतो आणि न गोठलेल्या पाण्याचा पीएच ७ वरून ४-५ कडे येतो. ग्लुटामिकवाल्या पेप्टाइडचं काय होतं ते वर आलंच आहे. हिस्टिडीनचा बफर घ्या, किंवा पोटॅशियम फॉस्फेट, आणि द्रव नायट्रोजनमध्ये झटकन गोठवा. सोबत ट्रेहॅलोज ५ टक्के.

मात्र १० मिलित ट्रेहॅलोजचे ५०० मिग्रॅ जातात आणि औषध-पेप्टाइड मिळून ९.४. त्या पावडरीत औषध फक्त ०.१७ टक्के उरतं, बफर धरला तर आणखी कमी. कुपीवर पावडरीचं वजन लिहू नका. प्रत्येक कुपीत किती मायक्रोग्रॅम औषध आणि किती मिलि पाणी घालायचं ते लिहा, नाही तर पुढचा माणूस ९.१ टक्के धरून तोलेल आणि पन्नासपट कमी डोस देईल.